लक्ष्मी रोड वर्षातून एकच दिवस पायी?

वाड्यामागची
२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून पुण्यातल्या लक्ष्मी रोडचा गरुड गणपती चौकापर्यंतचा पट्टा गाड्यांना बंद ठेवतात. रांगोळ्या होतात, फोटो होतात. १२ तारखेला पुन्हा हॉर्न. दिल्लीच्या चांदणी चौकात त्याच वर्षी लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद हा १.३ किमीचा रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना रोजचाच बंद झाला. मग आपल्याकडे का नको?
परवा आईला घेऊन साडी फॉल-पिकोला टाकायला गेले. तिचे गुडघे गेलेत. कुंटे चौकापासून चार वेळा फुटपाथवरून खाली उतरावं लागलं. एकदा दुकानाची पायरी आडवी, एकदा पैठणी नेसवलेला पुतळा, मग ॲक्टिवा, शेवटी विजेची डीपी. दमून एका पायरीवर टेकली, तर आतून आवाज, "ओ आजी, गिऱ्हाईक येतंय!"

तिसरी पिढी
ताई, ती पायरी आमची नसली तरी माफी मागतो. पण बस्ता बांधायला गावाकडून कुटुंब येतं ते जीप भरून. नवरीच्या आत्याला आहेराच्या सात पिशव्या देऊन मंडईपर्यंत चालवू? पादचारी दिनाला गर्दी असते, गल्ल्यात काही पडत नाही. आणि माल रात्री ९ नंतर उतरवायला हमाल तुम्ही आणणार का?

नळस्टॉपचा नाही
बस्त्याची जीप तरी दारात कुठे लागते काका? दारात दिवसभर असते ती तुमची आणि शेजाऱ्याची स्कूटर. २०२४ च्या सप्टेंबरपासून मंडईला मेट्रो थांबते, गिऱ्हाईक तिथून चालतच येतं.

सदाशिवातला
बोळात राहणाऱ्यांना कुणी विचारतंय का? लक्ष्मी रोड बंद, की सगळा लोंढा शेजारच्या कुमठेकर रोडवर आणि आमच्या दारात. मागच्या खेपेला वाड्यातून स्कूटर काढायला वीस मिनिटं लागली. आधी बोळातलं फुकट पार्किंग बंद करा, मग रस्ता.

टेप घेऊन फिरणारा
जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हाही हीच ओरड होती. आज तिथे संध्याकाळी बाकांवर जागा मिळत नाही. (त्याच फुटपाथवर बाइकही चढतात, ते सोडा.) पण तो रस्ता मुळात ऐसपैस. लक्ष्मी रोडला वाढवायला जागाच नाही, म्हणून इथे रुंदी नाही, वेळ वाटून घ्यायची. सकाळी ११ पर्यंत टेम्पो, नंतर माणसं, रुग्णवाहिका कधीही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) निकषात फुटपाथ किमान १.८ मीटर अडथळ्याविना लागतो. पायऱ्या आणि पुतळे आत घेतले तर बऱ्याच ठिकाणी तेवढा निघेल. त्याला निविदाही लागत नाही.

वाड्यामागची
रोजचा हट्ट सोडते. शनिवार-रविवार, दुपारी ४ ते रात्री ९. बोळांच्या तोंडाशी राहणाऱ्यांनाच सोडायचं. चालेल?

तिसरी पिढी
दिवाळीचे आणि लग्नसराईचे आठवडे वगळा, मग बोलू. पुतळा उद्याच आत घेतो. बाकही ठेवा आमच्यासमोर, आजी बसू देत. फक्त त्यावर मोबाइल कव्हरवाल्याने दुकान मांडलं तर फोन कुणाला करायचा, तेवढं आधी सांगा.