शब्दचर्चा : धातूचा 'फटीग' – थकवा, शिणवटा की झीज?

भाषांतरवाली : जेट इंजिनाच्या टर्बाइनवरचा मजकूर मराठीत आणतेय. उच्च तापमानात वापरायच्या निकेलच्या मिश्रधातूंचा 'फटीग' म्हणजे काय म्हणू? संपादक 'झीज' सुचवतात. 'क्रीप'लाही तेच चालेल का?

धातुवेडा : 'झीज' नकोच. झिजताना पृष्ठभागावरचा धातू निघून जातो. फटीगमध्ये वजन गुंजभरही घटत नाही. भार पुन्हापुन्हा चढतो-उतरतो, एका वेळी तो सहज पेलण्याजोगाच असतो, तरी पृष्ठभागाशी किंवा आतल्या एखाद्या अशुद्ध कणापाशी तडा धरतो आणि दर आवर्तनाला थोडाथोडा वाढतो. 1842 साली व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस असाच तुटला होता. पुढे जर्मनीत व्होलर या रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. मी 'थकवा' लिहितो. हा थकवा विश्रांतीने उतरत नाही असा आक्षेप येतो, पण तो इंग्रजी शब्दालाही तितकाच लागू आहे.

क्रीप वेगळा. तिथे भार बदलावा लागत नाही. तापलेला धातू स्थिर भाराखालीच सावकाश लांबतो. त्याला 'क्रीप'च ठेवा.

गंमत अशी की टर्बाइनच्या पात्यात दोन्ही एकत्र नांदतात. उड्डाण ते उतरणं हे एक मोठं आवर्तन, आणि मधल्या काळात ताण धरून ठेवलेला. शिवाय तड्याच्या टोकाशी ऑक्सिजन शिरून कणसीमा, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांमधले सांधे, कमकुवत करतो. म्हणून नुसती आवर्तनं मोजून भागत नाही, भार किती वेळ धरला तेही सांगावं लागतं. त्या वेळेला मी 'धारणकाळ' म्हणतो.

जुना फिटर : 'शिणवटा' माणसाला. आमच्या शॉपमध्ये सगळे 'फटीग क्रॅक'च म्हणायचे. तुटलेल्या तोंडावर ओहोटीनंतर वाळूत उरतात तशा वळणदार रेघा दिसल्या की निदान झालंच.

भाषांतरवाली : मग 'थर्मोमेकॅनिकल फटीग' म्हणजे 'ताप-यांत्रिक थकवा'?

धातुवेडा : 'ताप' वाचून लोक क्रोसिन शोधतील! 'औष्णिक-यांत्रिक थकवा' करा. यात तापमान आणि भार दोन्ही बदलतात. सर्वाधिक ताण सर्वाधिक तापमानाला आला तर 'समकला', सर्वांत कमी तापमानाला आला तर 'विषमकला'. दोन्हींत तडे वेगळ्या कारणांनी पडतात, तेव्हा हा भेद गाळू नका.

आणि मजकुरात 'कंपोझिट' आलं असेल तर सरसकट 'मिश्रधातू' करू नका. यट्रियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण विखुरलेलं निकेल असेल, तर ते कण धातूत विरघळलेले नसतात. तिथे 'संमिश्र' हाच शब्द बरा.