‘झाडं लावा, माती धुऊन निघेल’ म्हणणाऱ्यांनी आधी गुणाकार करावा

सामू_चार: ‘धातूंनी नासलेल्या जंगलात विलो लावा, दहा वर्षांत माती साफ’ ही पोस्ट सकाळपासून फिरतेय. वरचा २० सेंमी थर, घनता १.३ (घनमीटरला १.३ टन), म्हणजे हेक्टरी २,६०० टन माती. किलोमागे १० मिग्रॅ कॅडमियम हा विषारी धातू धरा, झालं २६ किलो. विलोचा सुका माल वर्षाला १० टन, त्यात किलोमागे २० मिग्रॅ धरलं तर निघतं २०० ग्रॅम. १३० वर्षं! तीही पानं गळण्याआधी तोडून बाहेर नेलीत तर. नाहीतर मुळांनी खालून उपसलेलं पानांवाटे परत वर, थेट गांडुळांच्या तोंडी.

हिरवळ: पोस्ट माझीच. विलोवरच का अडलात? प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नॅन्ड्रा या झाडाच्या चिकात सुक्या वजनाचा चौथा हिस्सा निकेल असतं. चीक चक्क निळा-हिरवा!

सामू_चार: चीक सुंदर आहे हो. पण प्रश्न कॅडमियमचा आहे आणि ते झाड कमालीचं सुस्त वाढतं. कॅनडातल्या सडबरीत, निकेल-तांब्याच्या भट्ट्यांनी उजाड केलेल्या जमिनीवर, १९७८ पासून हेक्टरी १० टन चुनखडीची भुकटी टाकली, मग खत, गवताचं बी, मग पाइन. धातू काढला नाही, जागीच जखडला.

चाळणी: तुम्ही दोघंही नमुना कुठून घेताय ते आधी सांगा. धातू साठलेला पाचोळ्याचा थर खरवडून फेकायचा आणि खालची माती प्रयोगशाळेत द्यायची, हा प्रकार कधी थांबणार? धातूंमुळे कुजवणारी कवकं मेली की तोच थर जाड होत जातो. आणि आम्लधर्मी वनमातीला डीटीपीए (झाडांना मिळू शकणारा धातू मातीतून काढून मोजायचं द्रावण) कोण लावतं? ते द्रावण ७.३ सामूचं (पीएच), चुनखडीयुक्त शेतजमिनीसाठी बनवलेलं. चाळणी नायलॉनची हवी, पितळेची वापरून वर तांबं-जस्त सापडलं म्हणून आरडाओरडा!

हिरवळ: म्हणजे पाचोळ्यातच सगळं विष. मग तो थर उचलून न्या, संपलं.

चाळणी: हेच ते! मिग्रॅ/किलोवर भाळू नका. पाचोळा ५ सेंमी, घनता ०.१५, शिसं १,००० मिग्रॅ: चौरस मीटरला ७.५ ग्रॅम. खालची १० सेंमी माती, घनता १.२, शिसं फक्त १०० मिग्रॅ: १२ ग्रॅम. आकडा दहापट कमी, साठा जास्त. शिवाय थर उचललात तर कवकमुळं (झाडांच्या मुळांशी जोडलेली कवकं), बी, ओल सगळं त्याच्यासोबत गेलं.

सामू_चार: हे मान्य. पण चुन्याचा मुद्दा तसाच आहे.

चाळणी: तसाच कसा? चुना पडला की तो थर झपाट्याने कुजतो, विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांना चिकटून तांबं-शिसं खाली उतरतं. जस्त-कॅडमियमला चुना रोखतो, या दोघांना कधी कधी वाट करून देतो. ‘धातू’ असं सरसकट लिहिणं बंद करा.

सामू_चार: बरं गुरुजी. ‘चुना जस्त-कॅडमियमला जखडतो’ असं वाचावं.

हिरवळ: आणि माझी दहा वर्षं?

चाळणी: ती निदान पुढे एक शून्य लावून वाचावीत.