१२ व्होल्टच्या दिव्याला डिमर: नुसता पॉट नको

२० वॅटच्या हॅलोजन दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला त्याच्या सिरीजमध्ये नुसता पॉट (फिरवून रोध बदलायचा पोटेन्शिओमीटर) टाका, असं सुचवलं जातं; तसं करू नका. दिवा १.६७ अँपिअर घेतो, अर्ध्या वॅटचा पॉट भाजणारच.

त्यापेक्षा दिवा झपाझप चालू-बंद करणारा ५५५ टायमर आयसी बरा, नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) सहज मिळतो. १२ व्होल्टपासून पिन ७ ला १ के (किलोओहम) रेझिस्टर, तिथेच १०० के पॉटचा मधला पाय. टोकाचे दोन पाय उलटसुलट लावलेल्या दोन १एन४१४८ डायोडमधून एकत्र केलेल्या पिन २-६ ला, तिथून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. साधारण ३०० हर्ट्झ मिळतात, लुकलुक दिसत नाही. पिन ३ वरून १०० ओहम, पुढे आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचं (स्विचसारख्या ट्रान्झिस्टरचं) गेट; ड्रेन आणि सोर्स हे त्याचे बाकीचे दोन पाय. दिवा प्लस आणि ड्रेनच्या मध्येच. सोर्सकडे टाकला तर मॉसफेट पूर्ण उघडत नाही अन् जाम तापतो. एरवी हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) लागत नाही, आपल्या मे महिन्यातही. थंड फिलामेंट क्षणभर दहापट करंट ओढतं, म्हणून ३ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणभराच्या जादा करंटला न उडणारा) फ्यूज. सप्लाय मात्र डीसीच हवा, हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर एसी देतो, तो इथे चालत नाही.