बाबांना देवात मिळवायचं आहे; आईला सोबत कसं घ्यावं? (माणिकगड भागातली गोंड रीत, मदत हवी आहे)

माणिकगडची लेक:

जय सेवा.

माझे बाबा गोंड, जिवती तालुक्यातल्या एका गुड्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे. आई कुणबी, वणीकडची. चंद्रपूरला नोकरीत असताना दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि पुढे पुण्यात आले. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. आम्हाला जे माहीत होतं ते सगळं केलं: पुण्यात अग्निसंस्कार, वर्धा नदीत अस्थी, तेरावा. दिवाळीत धाकट्या काकांचा फोन आला. म्हणाले, "दादाले अजून देवात मिळवलं नाही. तो बाहेरच हाये. पुसात देवाचं होईल, तवा मिळवून टाकू."

देवात मिळवणं म्हणजे मेलेल्याला कुळातल्या आधी गेलेल्यांच्या स्वाधीन करणं, आणि पूस म्हणजे पौष महिना. आईने तिथल्या तिथे हो म्हटलं. अडचण त्यानंतर सुरू झाली. भाईबंदांपैकी काही म्हाताऱ्यांचं म्हणणं असं की भाऊ आमचा आहे, त्याला मिळवू, पण त्याचं लग्न देवापुढे आलंच नाही, त्यामुळे बायको ठाण्यावर, म्हणजे देवाच्या जागी, येणार नाही. मुलांचं काय, यावर एकमत नाही. लग्नाच्या वेळचा दंड आधी भरा, जेवण द्या, मग बघू, असंही एकजण म्हणाले. काका मधल्या मध्ये अडकलेत. ते आमच्या बाजूचे आहेत, पण उद्या त्यांच्या मुलींची लग्नं याच लोकांत व्हायची आहेत.

हे जातीच्या दाखल्याबद्दल नाही, हे आधीच सांगते. दाखला आणि वैधता माझ्याकडे आहे. त्यासाठी पणजोबांचा कागद शोधायला आदिलाबादला जावं लागलं होतं, कारण १९५६ पर्यंत जुना राजुरा तालुका, ज्यात आमचा जिवतीचा भाग येत होता, हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पडताळणीच्या वेळी कुळ, देव, लग्नाची रीत, मेल्यावरची रीत असं सगळं विचारलं होतं. बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: सात देवे, म्हणजे सात देव मानणाऱ्या कुळांचा गट. सात देवेवाले सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. चार, पाच, सहा देवेवाल्यांशी होते. एवढं मला कळतं. गुड्यावर गेलं की बायका नावाच्या आधी हेच विचारतात, आणि उत्तर मिळालं की लगेच नातं ठरतं. कुणी आत्या होते, कुणी वहिनी, कुणाची थट्टा करायची आणि कुणासमोर पदर सावरायचा हेही त्यातच ठरतं. माझं दरवेळी ठरलं. आईचं कधीच ठरलं नाही. तिला देव नाहीत, त्यामुळे ती कुठल्या बाजूची हे कुणाला सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत तिला तिथे कुणी वाईट बोललं नाही, पण नात्याने हाकही मारली नाही. सगळे "मॅडम" म्हणतात. ती शिक्षिका होती म्हणून.

तर मला हे हवं आहे: देवात मिळवताना नेमकं काय करतात, कोण करतं आणि आमच्याकडून काय लागतं? अस्थी आता हाताशी नाहीत, त्याने काही अडतं का? मुलगी म्हणून माझं काम काय असतं? भाऊ परदेशात आहे, तो नसला तर चालतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या समाजातून आलेल्या बाईला नात्यात घेण्याची काही रीत आहे का? कुणाच्या गावात असं झालं असेल तर कृपया सविस्तर लिहा. बाबांना आईशिवाय मिळवायला माझं मन तयार नाही, आणि काकांना दुखवायचंही नाही.

—

एस. आर. बी.:

ताई, दंड मागणं आणि विधीला येऊ न देणं हा सामाजिक बहिष्कारच आहे. महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. पोलिसांत अर्ज द्या, म्हातारे आपोआप सरळ होतील.

—

पहाडावरचा:

जय सेवा ताई. मी त्याच भागातला, म्हणून लिहून राहिलो.

आधी वरच्या दादांचं. कायदा चांगला आहे, आणि जिथे लोकांचं पाणी तोडतात, वाळीत टाकतात तिथे तो वापरायलाच पाहिजे. पण इथे कुणी यांचं पाणी तोडलेलं नाही. पोलिसाच्या धाकाने ठाण्यावर बसायला मिळेलही, पण नातं कोण देईल? यांना नातंच पाहिजे आहे.

आता तुमचे प्रश्न. अस्थीची काळजी सोडा. आमच्याकडे मातीही देतात, अग्नीही देतात, आणि देवात मिळवणं हे त्याच्यानंतरचं वेगळं काम आहे. कधी काही महिन्यांनी होतं, कधी घरची ऐपत होईस्तोवर दोन-तीन वर्षं थांबतात. मेलेल्याचं नाव घेऊन त्याला कुळाच्या पेनाच्या, म्हणजे आधी गेलेल्या सगळ्यांच्या स्वाधीन करतात. तोवर तो घरच्यांचा मृत असतो, त्यानंतर सगळ्या कुळाचा होतो. म्हणून हे एकट्या घराचं काम नाही आणि म्हणूनच भाईबंदांचं मत लागतं. म्हातारे हट्ट करून राहिले असं वाटत असेल, पण ज्यांच्यात तुमचे बाबा मिळणार ते त्यांचेही बाप-आजे आहेत.

पेर्सा पेनाचं, म्हणजे कुळाच्या थोरल्या देवाचं काम आमच्याकडे वर्षातून दोनदा निघतं, पुसात आणि भावईत, म्हणजे उन्हाळ्यात. चवर आणि लोखंडी भाल्याचं पातं हेच देव. एरवी ते जंगलातल्या जागी ठेवलेले असतात. पूजा कटोडा करतो. तो तुमच्याच कुळाचा असतो. दुसरा माणूस पाटाडी, म्हणजे कुळाचा परधान, पिढीजात गाणारा. किकरी (तारांचं वाद्य) वाजवून तो कुळाची कथा गातो: देव कुठून निघाले, कुठे थांबले, कोण कुणाचा भाऊ. कुणाच्या कुळाला कोणता पाटाडी हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. तुमचा बहुतेक तेलंगणात असेल. राज्याची सीमा नंतर आली, कुळाचं कुणी त्या हिशोबानं वाटून घेतलं नाही. काकांना विचारा आणि म्हाताऱ्यांच्या आधी त्याला गाठा. भाईबंदांत वाद झाला की पाटाडीच्या शब्दाला वजन असते, कारण पूर्वी कुणाला कसं सामावून घेतलं ते त्याला ठाऊक असते.

लागणारं सामान मोठं नाही. बकरा किंवा कोंबडे, तांदूळ, मोहाची दारू, पाटाडीला द्यायचं धोतर आणि पैसा, आणि आलेल्यांना जेवण. किती, ते कुळ सांगेल. इथे लिहिलेलं पाहून स्वतःच यादी करून नेऊ नका. गावागावात फरक आहे. देवांची संख्यासुद्धा भाग बदलला की आडनावाप्रमाणे बदललेली दिसते, म्हणून गोंदिया-नागपूरकडच्या कुणी काही सांगितलं तरी तुमच्या काकांचंच धरा.

भाऊ नसला तर काका करू शकतात, त्यात कमीपणा नाही. मुलीचं आणि जावयाचं काम आमच्याकडे असतेच, आणि ते भाऊबंदांनी केलेलं चालत नाही.

आईचं मात्र मी एकदाच पाहिलं आहे. आमच्या गुड्यावर एकाने तेली समाजातली बायको आणली होती. पाच-सहा वर्षं तसंच चाललं. मग सहा देवेवाल्या एका घराने तिला लेक म्हणून घेतलं. त्या घरच्या माणसाने सगळ्यांसमोर तिला लुगडं दिलं, जेवण झालं, आणि तिथून ती सहा देव्याची लेक, सात देव्याची सून. तिला माहेर मिळालं तेव्हा सासरचं नातंही आपोआप लागलं. सासरचे लोक तिला सरळ आपल्यात घेऊ शकत नव्हते, कारण आपल्यात घेतलं तर ती नवऱ्याची बहीण होते! म्हणून तुमचे काका आईसाठी फार काही करू शकत नाहीत. हे काम सोयऱ्यांचं आहे. काकूंच्या माहेरी विचारा.

—

माणिकगडची लेक:

दादा, खूप खूप आभार. शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. आम्ही आजवर चुलत्यांकडेच मागत होतो. काकूंचे भाऊ आहेत, सहा देवे, कोरपन्याकडे असतात. आईला ते चांगले ओळखतात, त्यांची मुलगी आमच्याकडे राहून शिकली आहे. पण हे त्यांच्याकडे मागायचं कसं? आणि दंडाचं काय करावं?

—

किनवटची, दिली केसलापुरात:

बाई, मी मेसराम घराण्याची सून. मेसराम म्हणजे तेलंगणातल्या केसलापूरच्या नागोबाची पूजा करणारं गोंड कुळ. माहेर किनवटचं, म्हणून मराठीत लिहिता येतं.

आमच्याकडे जन्माने गोंड असलेली सूनसुद्धा लग्न झालं म्हणून लगेच देवाची होत नाही. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम लोक अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. महापूजेनंतर नव्या सुनांची भेटिंग असते. पांढरं लुगडं नेसून, तोंड झाकून, रांगेत, घरच्या मोठ्या बायका हाताला धरून देवापुढे नेतात. भेटिंग होईपर्यंत सून नागोबाच्या पूजेला चालत नाही. माझी लग्नानंतर दोन वर्षांनी झाली, कारण मधल्या साली घरात सुतक होतं. तोवर मीही बाहेरचीच होते आणि त्यात मला अपमान वाटला नाही. तुमच्या आईलाही हे सांगा. तिला मुद्दाम वगळलं असं नसेल. तिची भेट कुणी करवूनच दिली नाही, आणि ती करवून द्यायला घरातली मोठी बाई लागते. सासू होती का? नसेल तर मोठी जाऊ, नाहीतर चुलत सासू. पुरुषांत वाद चालू असताना एखादी म्हातारी उठून हात धरते आणि काम होऊन जाते, हे मी पाहिलेलं आहे. त्या म्हातारीला शोधा.

माहेरासाठी काकूंच्या भावाकडे तुम्ही जाऊ नका, आईलाही पाठवू नका. काकूंना बोलू द्या. लेक मागून होत नाही, त्यांनीच म्हणावं लागतं. काकूंनी शब्द टाकला की ते म्हणतील, घरची मुलगी तुमच्याकडे राहिली आहे ना.

दंडाबद्दल मी वेगळं बोलते. रोख पैसे कुणा एकाच्या हातात देऊ नका. आमच्याकडे दंड म्हणजे पंगत, सगळ्यांनी खाल्लं की विषय संपतो. पैसे दिले की तो दरवर्षी निघतो.

आणखी एक विचारते, राग मानू नका. बाबांच्या नावाची जमीन आहे का? बऱ्याचदा देवाचं नाव पुढे असतं आणि मागे शेताची भीती असते, की बिगर आदिवासी बायको उद्या हिस्सा मागेल.

—

माणिकगडची लेक:

ताई, राग कसला. जमीन आहे, आजोबांच्या नावाची, काका कसतात. मला ती नकोच आहे. तसं लिहून दिलं तर म्हाताऱ्यांचा विरोध मावळेल का?

—

किनवटची, दिली केसलापुरात:

लिहून देऊ नका. हे मी कळकळीने सांगते. काकांनी कसावी, तुम्ही धान्याचा दाणा मागू नये, हे तोंडी सगळ्यांसमोर सांगा, ते पुरेसं आहे. पण हक्क सोडून नात्यात येऊ नका. तुम्ही सोडलात की पुढच्या प्रत्येक लेकीला तेच दाखवतील, हिनं सोडलं, तू पण सोड. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागत नाही, म्हणून लेकींना आजवर रीत दाखवून घरी पाठवत आले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना आजोबांच्या जमिनीत बरोबरीचा हिस्सा दिला. लेकीला वगळण्याची रीत होती हे समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही, आणि बाई म्हणून हिस्सा नाकारणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे असं न्यायालय म्हणालं. माझा भाऊ हे वाचून दोन दिवस बोलला नाही, आता बोलतो.

—

पहाडावरचा:

या ताईंशी सहमत. आणि म्हाताऱ्यांना हेही सांगा की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता-देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. शेत बाहेर जाईल ही भीती त्यांची खरी आहे, पहाडावर लोकांनी तसं भोगलं आहे. त्या भीतीवर चिडू नका, उत्तर द्या.

—

माणिकगडची लेक:

काल काकूंशी बोलले. आईला आधी बोलायला सांगितलं, मग मी. काकू म्हणाल्या, "हे मले पयलेच विचारायचं होतं." त्या येत्या आठवड्यात माहेरी जाणार आहेत. बाबांची एक चुलती अजून आहे, थकली आहे पण चालते-फिरते. काकूंच्या मते हात धरायला तीच योग्य. पाटाडीचं घर तेलंगणात उटनूरच्या बाजूला निघालं, काका मोटरसायकलने जाऊन येतो म्हणालेत.

पंगतीचा खर्च मी आणि भाऊ करू. लेक करून घेण्याचं आणि देवात मिळवण्याचं काम एकाच दिवशी होतं का, की आईचं आधी उरकावं लागेल? भावाला रजा टाकायची आहे, तारीख साधारण किती आधी कळते?

—

पहाडावरचा:

आईचं आधी. निदान एक दिवस आधी, आणि तेही तुमच्या गुड्यावर नाही, काकूंच्या माहेरी. तिथून ती लेक म्हणून निघेल आणि सासरी येईल. तारीख पुस लागल्यावर ठरते, दहा-बारा दिवस आधी कळेल. भावाला पूर्ण पंधरवड्याची रजा काढायला सांगा. आणि पाटाडीकडे काकांसोबत कुणीतरी तुमच्या घरचं गेलं तर बरं, कथेत बाबांचं नाव कुठे येणार ते तो विचारेल. त्याला आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या भावांची नावं लागतात. आदिलाबादचा तो कागद सोबत न्या.