मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या एफई कॉलेजच्या बोर्डावर गव्हर्नर व्हावं का?

मंडळी, मी मिडलँड्समध्ये राहते, नोकरी अकाउंट्समधली. आमच्या गावच्या फर्दर एज्युकेशन (एफई) कॉलेजला नवे गव्हर्नर, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या बोर्डाचे सदस्य, हवेत, त्यातही हिशेब कळणारं कुणीतरी. मी सहज चौकशीची मेल टाकली तर दुसऱ्याच दिवशी उत्तर, 'चेअरना (बोर्डाच्या अध्यक्षांना) भेटायला या.' आता पोटात गोळा आलाय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: सोळाव्या वर्षानंतर शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला (आपली अकरावी-बारावी) न गेलेली बरीच मुलं अशा कॉलेजात येतात. प्लंबिंग, वायरिंग, केशकर्तन, बालसंगोपन, टी लेव्हल (सोळा वर्षांनंतरचा तांत्रिक कोर्स), अप्रेंटिसशिप, शिवाय मोठ्यांसाठी संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग. १९९२ च्या कायद्याने ही कॉलेजं स्थानिक कौन्सिलच्या हातून सुटली आणि १ एप्रिल १९९३ पासून स्वतंत्र झाली. म्हणजे इमारती, कर्मचारी, कर्ज, सगळ्याची जबाबदारी बोर्डाची. मानधन नाही, प्रवासखर्च मिळतो.

नवरा म्हणतो, "संस्थाचालक झालीस की! आता ॲडमिशनसाठी फोन येणार." हसले, पण प्रश्न खरे आहेत:

१. वेळ खरोखर किती जातो? जाहिरातीत 'वर्षाला पाच-सहा सभा' लिहिलंय. विश्वास बसत नाही.
२. कॉलेज आर्थिक अडचणीत आलं तर माझ्यावर काय येऊ शकतं? मागच्या वर्षीच्या हिशेबात आर्थिक प्रकृतीचा शेरा 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' (सुधारणा हवी) असा आहे. गेलं वर्ष तुटीत.
३. नोकरीतून सुट्टी मागायची कशी?
४. चेअरना भेटताना मी काय विचारू? (हा सगळ्यात महत्त्वाचा.)

शिक्षणक्षेत्राचा अनुभव शून्य. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, 'छान संधी आहे, कर' एवढंच नको.

---

सातारकर: ताई, मी उत्तरेकडच्या एका कॉलेजात दोन टर्म काढल्या. टर्म साधारण चार वर्षांची.

वेळेचं आधी. जाहिरात खोटी नाही, अर्धी आहे. बोर्डाच्या सभा पाच-सहाच, पण प्रत्येकाला निदान एक कमिटी घ्यावी लागते, आणि तुमच्यासारखीला ऑडिट कमिटी चिकटणारच. खरा वेळ सभेत जात नाही, कागद वाचण्यात जातो. सभेच्या आठवडाभर आधी पीडीएफचा गठ्ठा येतो, दोनशे पानं सहज. प्रत्येक कागदाच्या वर लिहिलेलं असतं: निर्णयासाठी, चर्चेसाठी की माहितीसाठी. मी निर्णयाचे आधी वाचायचो आणि माहितीचे शेवटी. नंतर कळलं की नको असलेली बातमी बहुतेक वेळा 'माहितीसाठी'च्या कागदात, अकराव्या पानावर असते. 😄

तुटीबद्दल घाबरू नका, पण कारण समजून घ्या. सोळा ते एकोणीसच्या मुलांचा निधी मागच्या वर्षीच्या पटसंख्येवर मिळतो. यंदा अचानक दोनशे मुलं वाढली तर त्यांना शिकवायचा खर्च आज, पैसे पुढच्या वर्षी. त्यात वर्षभराच्या कोर्सचा मुलगा सुरुवातीचे ४२ दिवस टिकला तरच पटावर धरतात. शिवाय शाळांना व्हॅट परत मिळतो, कॉलेजांना नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत, असो. तर तूट वाढत्या पटामुळे आहे की ओसाड वर्गांमुळे, हे आधी विचारा. दोन्हींची औषधं वेगळी.

---

खारी_बिस्किट: दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण याला लोक हसण्यावारी नेतात.

इंग्लंडमधली एफई कॉलेजं धर्मादाय संस्था आहेत, म्हणून तुम्ही गव्हर्नर म्हणजे विश्वस्त. प्रामाणिकपणे, कागद वाचून, सल्ला घेऊन निर्णय घेतला आणि तो चुकला, तर सहसा तुमच्या घरावर काही येत नाही. बहुतेक कॉलेजं गव्हर्नरांचा विमाही काढतात, तो आहे का ते विचाराच. पण २०१९ पासून कॉलेजांनाही दिवाळखोरीचा कायदा लागू झालाय. त्याच वर्षी केंटमधलं हॅडलो कॉलेज त्या व्यवस्थेखाली गेलेलं पहिलं कॉलेज ठरलं. बुडतंय हे दिसत असूनही बोर्ड गप्प बसलं, तर गव्हर्नरांवर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. गप्प बसणं महाग पडतं, चुकणं तितकं नाही.

आणखी एक: नोव्हेंबर २०२२ मध्ये ही कॉलेजं सांख्यिकीदृष्ट्या सरकारी क्षेत्रात धरली गेली. तेव्हापासून बँकेकडून नवं कर्ज काढायला शिक्षण खात्याची परवानगी लागते. म्हणजे 'पैसे कमी पडले तर बँक आहे' असं कुणी म्हणालं तर भुवया उंचवा.

सुट्टीचं: १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं कलम ५० बघा. कर्मचाऱ्याला अशा कामासाठी वाजवी सुट्टी मागता येते, मात्र त्या वेळेचा पगार द्यायचं बंधन मालकावर नाही. बऱ्याच सभा संध्याकाळी असतात म्हणून निभतं.

---

उंटावरचा: माझा अनुभव महाराष्ट्रातला, महाविद्यालय विकास समितीवरचा (२०१६ चा विद्यापीठ कायदा), त्यामुळे चूकभूल द्यावीघ्यावी. आमच्याकडे अध्यक्ष बोलले की सभा संपली, चहा-सामोसा आणि सह्या. तिथे तसं नसेल हे कशावरून?

---

सातारकर: @उंटावरचा, कशावरूनही नाही. चेअर आणि प्रिन्सिपल एकमेकांची वाक्यं पुरी करत असतील तर ते इथेही बघितलंय. फक्त सामोशांऐवजी बिस्किटं.

म्हणूनच ताई, चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर: भेटीआधी मागच्या वर्षाचे मिनिट्स (सभांची इतिवृत्तं) वाचा, कॉलेजच्या वेबसाइटवर असतात. 'गव्हर्नरांनी विचारले की…' अशी वाक्यं शोधा, आणि पुढच्या सभेत त्याचं उत्तर आलं का बघा. सगळीकडे नुसतंच 'अहवालाची नोंद घेतली' असेल तर समजून जा.

दुसरं, गव्हर्नन्स प्रोफेशनलशी (बोर्डाचा सचिव, पूर्वी क्लार्क म्हणायचे) वेगळं बोला. ती व्यक्ती चेअरला 'हे नियमात बसत नाही' असं सांगू शकते का, ते बोलण्यातून कळतं. बोर्डात स्टाफचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. विद्यार्थी गव्हर्नर शेवटचं काय बोलला, हे चेअरना विचारा. आठवत नसेल तर तेही उत्तरच.

आणि नवऱ्याला सांगा, ॲडमिशन, वेळापत्रक, कुणाला कामावर घ्यायचं, यात गव्हर्नरचं बोट नसतं. ते प्रिन्सिपलचं काम. आपण दिशा ठरवायची, पैसा आणि दर्जा बघायचा, आणि वेळ आली तर प्रिन्सिपल बदलायचा.

---

खारी_बिस्किट: अजून धाकधूक असेल तर ऑडिट कमिटीवर को-ऑप्टेड सदस्य (गव्हर्नर न होता फक्त कमिटीवर) म्हणून घेतात का विचारा. बऱ्याच कॉलेजांत चालतं. बोर्डाचा मताधिकार नाही, पण घर आतून दिसतं. प्रिन्सिपल त्या कमिटीचा सदस्य नसतो, त्यामुळे बाहेरच्या ऑडिटरला मोकळेपणी विचारता येतं. अकाउंट्सवालीला तिथे पहिल्याच दिवशी काम.

---

धागाकर्ती: खूप आभार! रात्री मिनिट्स काढून बसले. 'नोंद घेतली' पुष्कळ आहे, पण मार्चच्या सभेत गणिताच्या फेरपरीक्षेच्या निकालावर एका गव्हर्नरने चांगलंच धारेवर धरलेलं दिसतंय, आणि मे महिन्यात त्याचं आकड्यांसकट उत्तर आहे. तूट पगारवाढीमुळे, पट वाढतोच आहे.

को-ऑप्टेडचं चेअरना विचारणार आहे. विम्याचंही. भेट पुढच्या गुरुवारी, धागा वर काढीन. तोवर कुणी ऑडिट कमिटीवर बसलेलं असेल तर सांगा: अंतर्गत ऑडिटसाठी बाहेरची फर्म असेल तर वर्षाचे विषय कमिटी निवडते की फर्मच यादी पुढे करते?