मित्रराष्ट्र, दोस्त राष्ट्र की सहयोगी? एस्टोनियाच्या निमित्ताने

प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी एस्टोनियाच्या परराष्ट्र धोरणावर लेख लिहिते आहे. लोकसंख्या 14 लाखांच्या आत, शेजारी रशिया, आणि 2004 पासून नाटो व युरोपीय संघ या दोन्हींचा सदस्य. त्यांच्या धोरणात 'लीत्लाने' हा शब्द सतत येतो. करार करून ज्याच्याशी बांधून घेतलं आहे असा देश, हा त्याचा अर्थ. मी आधी 'मित्रराष्ट्र' लिहिलं, पण आपण मालदीवलाही मित्रराष्ट्र म्हणतो आणि भूतानलाही. 'दोस्त राष्ट्र' म्हटलं तर शाळेतलं दुसरं महायुद्ध डोळ्यांपुढे येतं, आणि त्या दोस्त राष्ट्रांमध्ये तर सोव्हिएत संघच होता, ज्याने एस्टोनिया गिळला! एस्टोनियाबद्दल लिहिताना तो शब्द माझ्या हातून उतरतच नाही. 'संधिमित्र' कसा वाटतो?

प्रतिसाद

ताई, 'संधिमित्र' नको. संस्कृतात संधी म्हणजे तह हे खरं, पण आज मराठी माणसाला संधी म्हटलं की नोकरीची संधी आठवते. 'संधिसाधू' शेजारीच बसलेला आहे. वाचक संधिमित्राचा अर्थ वेळ साधून मैत्री करणारा असाच घेईल.

'मित्रराष्ट्र' इतक्यात टाकू नका. आपल्या राजकारणातला 'मित्रपक्ष' आठवा. त्यात प्रेम असेलच असं नाही, पण जागावाटप असतं, बोलणी असतात, शब्द पाळण्याची अपेक्षा असते. पहिल्यांदा 'करारबद्ध मित्रराष्ट्र' लिहून पुढे नुसतं 'मित्रराष्ट्र' चालवलंत तर वाचक बरोबर ओळखेल.

'लीत्लाने'मधल्या 'लीत' या धातूकडेही लक्ष द्या. युरोपीय संघ म्हणजे त्यांचा 'एउरोपा लीत' आणि सोव्हिएत संघ म्हणजे 'नौकोगुदे लीत'. दोन्हीकडे शब्द एकच. आपणही दोन्हीकडे 'संघ'च म्हणतो. एकात त्यांना बळाने घेतलं, दुसऱ्यात ते सार्वमत घेऊन स्वतः गेले.

प्रतिसाद

मी निवृत्त इतिहास शिक्षक. 1939 चा प्रसंग तुमच्या लेखात येईलच, म्हणून लिहितो. एस्टोनियाने 1938 साली तटस्थतेचा कायदा केला होता. (इथे 'अलिप्त' लिहू नका. अलिप्ततावाद हे नेहरूंच्या काळातलं वेगळं धोरण आहे. दोन गटांत न जाता दोघांशीही बोलत राहणं हा त्याचा गाभा. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला.) 28 सप्टेंबर 1939 रोजी मॉस्कोत त्यांच्याकडून 'परस्पर साहाय्य करार' करून घेतला गेला. सारेमा, हियुमा ही बेटं आणि पाल्दिस्की हे बंदर इथे सोव्हिएत तळ आले, 25,000 सैनिक उतरवण्याची मुभा मिळाली. पुढच्या जूनमध्ये निर्वाणीचा खलिता आला आणि देश गेला.

याला मराठीत नेमका शब्द आहे : तैनाती फौज. वसईच्या तहाने, 31 डिसेंबर 1802 रोजी, दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचं पायदळ कायमचं पदरी घेतलं, त्याच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलण्याचा हक्क सोडला. कागदावर तोही संरक्षणाचाच करार होता. पेशवाईला संपायला त्यानंतर सोळा वर्षं लागली, एस्टोनियाला नऊ महिने. 'परस्पर साहाय्य' हे अवतरणचिन्हांत ठेवा आणि पुढच्याच वाक्यात 'तैनाती फौज' म्हणा. सातवीतला मुलगासुद्धा समजेल.

प्रतिसाद

काका, उदाहरण चपखल आहे, पण मग एक अडचण उभी राहते. 2017 पासून तापा या गावी ब्रिटनच्या नेतृत्वाखाली नाटोची तुकडी आहे. आपली वर्तमानपत्रं तिलाही 'तैनात सैन्य' म्हणतात. परकी फौज तेव्हाही आली, आजही आहे. शब्दाने फरक कसा दाखवायचा?

प्रतिसाद (इतिहास शिक्षक)

प्रश्न योग्य आहे. फरक बोलावण्यात आहे. 1939 मध्ये सीमेवर सैन्य उभं करून सही घेतली. 2014 मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर एस्टोनियाने स्वतः मित्रांकडे अधिक सैन्य मागितलं. शिवाय नाटोच्या कराराच्या तेराव्या कलमाने सदस्याला बाहेर पडता येतं. बाजीरावाला तशी वाट नव्हती. तेव्हा तापाच्या फौजेला 'तैनाती' लावू नका. 'मित्रांची तुकडी', 'मुक्कामी तुकडी' यांपैकी काहीही चालेल.

आणि हे एकतर्फी घेणं नव्हे. अफगाणिस्तानात एस्टोनियाचे सैनिक हेल्मंड प्रांतात ब्रिटिशांच्या बरोबरीने लढले आणि एवढ्याशा देशाचे नऊ जण त्या मोहिमेत मारले गेले. संरक्षणावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2 टक्के खर्चाची नाटोची तेव्हाची अपेक्षा त्यांनी बड्या युरोपीय देशांच्या कितीतरी आधी पूर्ण केली. म्हणून 'आश्रित' किंवा 'छत्रछायेखालचा देश' हे शब्द मला अन्यायाचे वाटतात.

प्रतिसाद

एक कायदेशीर मुद्दा. नाटो कराराच्या पाचव्या कलमाविषयी लिहिताना 'सर्व देश युद्धात उतरतील' असं वाक्य मराठीत सर्रास दिसतं. कलमात तसं नाही. एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, आणि प्रत्येकाने 'आवश्यक वाटेल ती कृती' करावी, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला, असं आहे. 'वाटेल ती' हे दोन शब्दच एस्टोनियाच्या झोपेच्या आड येतात. म्हणून तर मित्रांचे सैनिक आधीपासून आपल्या भूमीवर असावेत, हल्ला झाला तर पहिल्या दिवसापासून तेही त्यात असावेत, हा त्यांचा आग्रह आहे. भाषांतरात हे शब्द गाळलेत तर आग्रहाचं कारणच हरवेल.

प्रतिसाद

मी गोव्याचा, 'मुक्ती' शब्दाबद्दल लिहितो. 19 डिसेंबर आमच्या घरात सणासारखा असतो, त्यामुळे हा शब्द मी हलक्या हाताने वापरत नाही. सप्टेंबर 1944 मध्ये सोव्हिएत लाल सेना राजधानी ताल्लिनमध्ये आली. सोव्हिएत कागदपत्रांत ती 'मुक्ती', 1947 साली उभारलेल्या सैनिकाच्या पुतळ्याचं नावही 'ताल्लिनच्या मुक्तिदात्यांचं' स्मारक. एस्टोनियन लोकांसाठी मात्र जर्मनांचा ताबा गेला आणि पहिला कब्जेदार परत आला. तिथल्या रशियन भाषकांसाठी तो नाझींशी लढून मेलेल्या आजोबांचा पुतळा. एप्रिल 2007 मध्ये तो शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलवला तेव्हा दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं, सरकारी खाती यांच्या संकेतस्थळांवर हल्ले झाले. पुढच्या वर्षी नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र ताल्लिनमध्ये सुरू झालं. ताई, 1944 साठी 'मुक्ती' लिहाल तेव्हा कोणाच्या तोंडी तो शब्द आहे ते जरूर सांगा.

तसंच 'विलीनीकरण'. आपल्याकडे संस्थानांचं विलीनीकरण झालं, त्या शब्दात लोकांची इच्छा गृहीत आहे. 1940 साठी 'व्यापला आणि बळाने जोडला' असं लांबलं तरी चालेल. अमेरिकेने ते जोडणं पुढे कधीच मान्य केलं नाही. म्हणून 1991 साठी 'स्वातंत्र्य मिळालं' हेही चूक. स्वातंत्र्यदिन त्यांचा 24 फेब्रुवारी, 1918 चा. 1991 च्या 20 ऑगस्टसाठी ते जो शब्द वापरतात त्याची सुरुवातच 'ताआस' म्हणजे 'पुन्हा' अशी आहे. 'स्वातंत्र्य पुनःस्थापित झालं' लिहा.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोडून. या 'पुन्हा'वर एक सीमा करार अडकला आहे. 1920 च्या तार्तूच्या तहात सोव्हिएत रशियाने एस्टोनियावरचे हक्क कायमचे सोडले होते. (हा 'तह'च. युद्धानंतरचा तो तह, एरवी करार. पुरंदरचा करार कोणी म्हणत नाही.) 2005 मध्ये दोन्ही देशांनी सीमा करारावर सह्या केल्या. एस्टोनियाच्या संसदेने मान्यतेच्या कायद्याला जोडलेल्या उद्देशिकेत तार्तूचा उल्लेख केला, म्हणजे हा तोच 1920 चा देश असं सुचवलं, आणि रशियाने सही मागे घेतली. 2014 मध्ये पुन्हा सह्या झाल्या, पण रशियाने करार संमत केला नाही.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं 'तैनाती फौज' जसंच्या तसं घेते. नाटोतले देश 'करारबद्ध मित्रराष्ट्र'. युक्रेनशी तसा करार नाही, म्हणून तिथे हा शब्द नको. एस्टोनियाने त्यांना आपल्याकडच्या 155 मिलिमीटरच्या, ओढून न्यायच्या सगळ्या तोफा देऊन टाकल्या. त्यासाठी 'पाठीराखा' लिहू का? बहिणीच्या पाठीशी उभ्या भावासाठीचा शब्द आहे, म्हणून विचारते.

शेवटचं अडलेलं वाक्य. त्यांच्या धोरणाचं ब्रीद आहे, 'मित्ते कुनागी एनाम युक्सी'. मी 'पुन्हा कधीही एकाकी नाही' केलं आहे.

प्रतिसाद (इतिहास शिक्षक)

'पाठीराखा' उत्तम. 'एकाकी' मात्र बदला, ती मनाची अवस्था झाली. 'एकटे' बरं, पण 1939 च्या करारांच्या तारखा पाहा. एस्टोनियाची सही 28 सप्टेंबर, लाटव्हियाची 5 ऑक्टोबर, लिथुएनियाची 10 ऑक्टोबर. शेजारी तिघे होते, पण प्रत्येकाला वेगळं बोलावून सही घेतली. 'एकेकटे' लिहून पाहा.

मूळ लेखिका

'पुन्हा कधीही एकेकटे नाही.' लिहिलं, काका. लेखाचं शीर्षकही हेच ठेवते.