परग्रहवासी म्हणजे नेमके कोण?

उडती तबकडी
'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) परवा पुन्हा पाहिला. जोहान्सबर्गवर अडकून पडलेलं यान, खाली पत्र्याच्या झोपड्यांत कोंबलेले परग्रहवासी आणि घर खाली करण्याच्या नोटिसा घेऊन दारोदार फिरणारा विकस. त्यातला एक जण चिडून त्याच्या पॅडला फटका मारतो, तर हा खूश: उमटली खूण, झाली सही! वसाहतवादाचा सगळा कागदी कारभार या एका प्रसंगात आला. नावातला इशाराही उघड आहे. केपटाउनचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' १९६६ साली फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि साठ हजारांहून जास्त लोकांना तिथून उठवलं गेलं. तेच थेट दाखवलं असतं, तर प्रेक्षक आधीच बाजू ठरवून बसला असता. इथे त्या कोळंबीतोंड्यांची आधी किळस येते, मग किळस आली याची लाज वाटते.

खडूस
असहमत. गोची रूपकातच आहे. ज्यांना हुसकावलं ती माणसंच होती, आणि हुसकावणाऱ्यांना ते दिसत होतं. पडद्यावर मात्र ते खरोखरच किड्यांसारखे, मांजराच्या खाण्यावर तुटून पडणारे. 'ते वेगळेच आहेत' हे वर्णभेदवाल्यांचं पालुपद तुम्ही खरं करून दाखवलंत की! आणि हाडामांसाचे नायजेरियन? ते सगळे गुंड, ताकद मिळावी म्हणून परग्रहवासीयांचं मांस खाणारे. नायजेरियाच्या सरकारने थिएटरांना पिक्चर उतरवायला सांगितलं ते उगाच नाही.

उडती तबकडी
नायजेरियनांचं मान्य, तिथे बचाव करणार नाही. पण 'किडे' हा शब्द दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेला नाही. आधीच्या लघुपटासाठी (२००५) ब्लोमकँपने रस्त्यावरच्या लोकांना परग्रहवासीयांबद्दल विचारलंच नव्हतं. झिम्बाब्वेहून आलेल्यांबद्दल विचारलं, आणि ती उत्तरं परग्रहवासीयांना चपखल बसली. मे २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरितांवर हल्ले झाले, साठच्या वर माणसं मेली.

भंगलेली दुर्बीण
अवांतर: मला त्या बंदुका आवडल्या. माणसाच्या हातात चालत नाहीत हे तर फारच. चालू द्या.

जुनी वही
एकाच पिक्चरला धरून काय बसलात? वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', मंगळवाल्यांनी इंग्लंडवर केलेल्या स्वारीची कादंबरी, १८९८ची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असतानाची. पहिल्याच प्रकरणात तो युरोपियनांनी तास्मानियनांचा कसा संहार केला ते सांगतो आणि विचारतो, मंगळवाल्यांनी तेच केलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पुढच्या पिक्चरवाल्यांनी आक्रमण तेवढं उचललं, तास्मानिया गाळला. 'इंडिपेन्डन्स डे'मधले (१९९६) टोळधाडीसारखे ग्रहामागून ग्रह फस्त करतात, हे वर्णन कुणाचं? पण लढाऊ विमान घेऊन त्यांच्यावर तुटून पडतो तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

खडूस
वेल्सचं पटलं. तिथे मार वाचकाच्या गावाला बसतो. 'डिस्ट्रिक्ट ९' आणि त्याच वर्षीचा 'अवतार', दोन्हीकडे गोरा गडी 'त्यांच्या' कातडीत शिरतो तेव्हा कुठे गोष्ट सरकते. यान दुरुस्त करायला वीस वर्षं झटणारा तो परग्रहवासी बाप, ख्रिस्तोफर जॉन्सन, कॅमेरा त्याच्या झोपडीत का राहत नाही? आणि ख्रिस्तोफर जॉन्सन हे काय परग्रहावरचं नाव आहे?

उडती तबकडी
झोपडीचं म्हणणं खोडता येत नाही. नावासाठी पुन्हा लावून बसलो. खरं नाव त्याला कुणी विचारतच नाही. हे मुद्दाम ठेवलंय की राहून गेलंय, ते मला अजून ठरवता येत नाहीये.